माती तपासतो, मग इंजिनचे तेल का नको?

(ऊस विकास विभागाकडून)



ऊस विकास विभागाने लागण, बेणे, खोडवा आणि हुमणी सोडून इंजिनच्या तेलावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. कोणी म्हणेलही, "काय सांगस भाऊ, साहेबांनी आता गॅरेज काढलं का?" तसे काही नाही. परंतु गावोगावच्या मेळाव्यांत आम्हांस एक अनुभव नेहमी येतो. हुमणीवरचे भाषण संपले की मंडळी चहाकडे वळतात, आणि चहा घेता घेता विषय निघतो तो गाडीचा. "साहेब, तुमच्या जीपचं तेल कितीला बदलता?" "आमचं तर महिन्यातच काळं होतं, बदलू का?" "मिस्तरी म्हणतो टर्बोला महागाचंच तेल लागतं, खरं का?" ज्या अंगणात पूर्वी बैलगाडी सुटायची, तिथे आज टर्बोची मोटार उभी आहे. शेडमध्ये टर्बोचा ट्रॅक्टर आहे आणि हंगामात शिवारातून हार्वेस्टर फिरते. तेव्हा हा विषय आता आपल्या घरचाच झाला आहे.

आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. इंजिनच्या तेलाचा रंग पाहून निर्णय घेणे म्हणजे शेजाऱ्याचा ऊस हिरवागार दिसला म्हणून आपल्या उसाला युरिया टाकणे होय. मातीच्या बाबतीत ही सवय मोडण्यासाठी आपण बरीच वर्षे खटपट केली. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका घरोघर आल्या, आणि आता निदान जाणता शेतकरी तरी माती तपासल्याशिवाय खताची यादी करीत नाही. तेलाचीही अशीच तपासणी होते, तिचाही असाच अहवाल येतो, आणि तो वाचायला फार शिक्षण लागत नाही. कारखान्याच्या कामावर धावणाऱ्या वाहनांसाठी तरी ही सोय आपण सुरू करावी, असे आम्हांस वाटते.

आधी टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आपल्या विहिरींवर जुनी किर्लोस्करची इंजिने होती. ती संथ चालत, त्यांना टर्बो नव्हता, आणि तेलाच्या बाबतीत ती बरीच सोशीक होती. टर्बोमध्ये सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येते, म्हणून लहान इंजिनातून मोठी ताकद निघते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युशी याने १९०५ साली याचे पेटंट घेतले. म्हणजे कल्पना सव्वाशे वर्षांच्या घरातली आहे, पण आपल्या दारात ती अलीकडे आली.

आता गंमत पहा. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. लहान गाडीत तो आकडा दोन लाखांच्या आसपास जातो. एका बाजूने डिझेल इंजिनाचा ६०० ते ७०० अंशांचा धूर, पेट्रोलच्या गाडीत त्याहूनही जास्त, आणि दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा. मधे हा दांडा तरंगतो तो तेलाच्या पातळ थरावर. तेच तेल त्याला आधार देते व तेच त्याला थंडही करते. आणि हे तेल वेगळे नसते. पिस्टन-लायनरला जाणारे जे तेल, तेच टर्बोला जाते. म्हणून तेल बिघडले की साध्या इंजिनाला पुष्कळ दिवस ते सहन होते, टर्बोला होत नाही.

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून गेलेली मोटार माथ्यावर चहासाठी थांबते आणि चालक लगेच चावी फिरवून इंजिन बंद करतो. टर्बो त्या वेळी रसरसलेला असतो. तेलाचा प्रवाह बंद पडला की आत राहिलेले तेल तिथेच करपते. तव्यावर राहिलेल्या तेलाचा जसा चिकट थर बसतो, तसाच हा थर. पुढे तो तेलाच्या बारीक वाटा अडवतो. घाट चढल्यावर दीड-दोन मिनिटे इंजिन हळू चालू ठेवले तर हे टळते. याला तपासणी लागत नाही, सवय लागते.

आता तेलाच्या अहवालात काय असते ते सांगतो. आपल्या सोयीसाठी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, तेलाचा दाटपणा. डब्यावर १५डब्ल्यू-४० लिहिलेले असते, त्यातला ४० हा आकडा गरम तेलाच्या दाटपणाचा वर्ग आहे. १०० अंशांवर असे तेल १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक्सच्या दरम्यान असले पाहिजे. याच्या खाली गेले तर तेलात इंधन मिसळले असण्याचा संभव फार. वर गेले तर काजळी साचली आहे किंवा तेल जळून घट्ट झाले आहे.

इथे नव्या गाड्यांची एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या आल्या. त्यांतील बऱ्याच डिझेल मोटारींच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. ती जाळी साफ करण्यासाठी गाडी मधून मधून जादा डिझेल सोडून काजळी जाळते. गाडी रोज गावातून तालुक्यापर्यंत पाच-सात किलोमीटरच चालत असेल तर हे जाळणे अर्धवट राहते, आणि काही डिझेल लायनरवरून खाली तेलात उतरते. परिणाम असा की डिपस्टिकवर तेल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले दिसते. आमच्या ओळखीचे एक नाना यावर खूष होते. "गाडी तेल पीत नाही, उलट देते," असे ते सांगत. नानांना आम्ही सांगितले की ही गाय दूध वाढवून देत नाही, पाणी घालून देते. वाढलेले तेल हे पातळ झालेले तेल आहे, ते लगेच दाखवून घ्यावे.

दुसरी गोष्ट, तेलातला क्षार. कारखान्याच्या सभासदाला हे समजायला सोपे जावे. उसाचा रस आम्लधर्मी असतो म्हणून आपण त्याला चुना देतो, नाहीतर साखर फुटते. इंधन जळताना आम्ल तयार होते आणि ते मारण्यासाठी तेलात कंपनीने आधीच एक प्रकारचा 'चुना' घातलेला असतो. अहवालात त्याला टीबीएन म्हणतात. तेल वापरात जुने होत जाते तसा हा आकडा उतरतो. नव्या तेलाच्या निम्म्यावर आला की आता बदलायची तयारी करावी, असा साधारण संकेत आहे.

तिसरी गोष्ट, झीज. इंजिनाचा प्रत्येक भाग झिजताना आपापला धातू तेलात सोडतो. लोखंड वाढले तर लायनर व इतर पोलादी भागांकडे पहावे, क्रोमियम वाढले तर रिंगकडे, ॲल्युमिनियम वाढले तर पिस्टनकडे, तांबे-शिसे-कथील वाढले तर बेअरिंगकडे. आकडे असतात दहा लाख भागांत किती भाग, असे. म्हणजे डोळ्याला, बोटाला यातले काही एक कळत नाही. बोटावर तेल चोळून "यात किट आहे" म्हणणारा मिस्तरी बिचारा अंदाज करीत असतो.

चौथी गोष्ट, बाहेरून आलेली घाण. यात पाणी, कूलंट आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे धूळ. धूळ ओळखतात ती सिलिकॉनवरून. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम दोन्ही जोडीने वाढले तर ती बहुधा मातीच असते, कारण मातीत हे दोन्ही असतात. फक्त सिलिकॉन वाढले तर गॅस्केटच्या चिकट पेस्टमधूनही ते आलेले असू शकते. सोडियम-पोटॅशियम वाढले तर कूलंट आत झिरपत असल्याचा संशय घ्यावा.

तापीकाठचा गाळ, गिरणा-पांझरा खोऱ्यातली काळी माती, आणि जळगाव-भुसावळचा ४५ अंशांपर्यंत चढणारा उन्हाळा, असे आपले खानदेश आहे. मार्चपासून शिवाररस्त्यावर गाडीमागे धुळीचा लोट उठतो. टर्बो इंजिन हवा ओढून घेते तीही जास्त. म्हणून आपल्याकडे धुळीचा आकडा सर्वांत आधी पहावा, असा आमचा आग्रह आहे. यामागे आमचा स्वतःचा एक अनुभव आहे.

आमच्या कामावर एकाच बनावटीच्या दोन टर्बो डिझेल जीपगाड्या होत्या. एक बहुतेक डांबरी रस्त्यावर, गट ऑफिस ते कारखाना अशी फिरे. दुसरी दिवसभर बांधाबांधाने, लागणीच्या नोंदी आणि प्लॉट पाहणीसाठी. दोघींत तेल एकच, बदलले एकाच आठवड्यात. काही महिन्यांनी पहिल्या गाडीचे तेल काळेकुट्ट झाले, दुसरीचे मात्र त्या मानाने बरे दिसत होते. आम्ही सर्वांनी एकमताने ठरवले की पहिल्या गाडीचे इंजिन आले कामाला. तेवढ्यात एका स्नेह्याच्या सांगण्यावरून दोन्हींचे नमुने तपासायला पाठवले.

अहवाल आला तो उलटा. काळ्या तेलात काजळी होती, पण दाटपणा ठीक, क्षार शिल्लक, झीज बेताची. डिझेलच्या तेलाचे कामच आहे काजळी पोटात धरून ठेवण्याचे. ते काळे पडते याचा अर्थ ते काम करते आहे. जे तेल बरे दिसत होते त्यात मात्र सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम जोडीने वर गेलेले, आणि त्यांच्या मागोमाग लोखंडही. बोनेट उघडून बारकाईने पाहिले, तेव्हा एअर फिल्टरच्या डब्याकडून टर्बोकडे जाणाऱ्या रबरी नळीची क्लिप नीट बसलेली नव्हती. नळीच्या आत बोट फिरवले तर पिठासारखी माती हाताला लागली. फिल्टर साफ करताना ती क्लिप सैल राहिली होती. म्हणजे फिल्टर उत्तम, आणि हवा त्याला वळसा घालून आत! क्लिप आवळली, तेल बदलले, पुढच्या नमुन्यात सिलिकॉन खाली आले. त्या अहवालावाचून आम्ही चांगल्या गाडीचे इंजिन खोलले असते आणि आजारी गाडी तशीच पळवली असती. आम्ही आमचीच चूक इथे सांगतो ती एवढ्यासाठी की ती कोणाच्याही अंगणात होऊ शकते.

यावरून आणखी एक गोष्ट. आपल्याकडे दर आठवड्याला फिल्टर काढून कॉम्प्रेसरच्या हवेने झाडायची पद्धत पडली आहे. जोराच्या हवेने फिल्टरचा कागद फाटतो, आणि दर वेळी डबा उघडताना थोडी धूळ आतही जाते. कागदी फिल्टर उगाच उघडू नये, मुदतीत बदलावा. दोन-चारशे रुपये वाचवण्यासाठी इंजिन पणाला लावू नये.

ही तपासणी काही कालची नाही. अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वे कंपनीने १९४० च्या दशकात डिझेल इंजिनांच्या तेलातले धातू मोजायला सुरुवात केली. पुढे तेथील आरमाराने व हवाई दलानेही ती घेतली. आपल्या देशातही रेल्वेच्या डिझेल लोको शेडमध्ये तेल तपासणीची प्रयोगशाळा असते. १९६२ पासून आपल्याकडे आलेली डब्ल्यूडीएम-२ ही २६०० अश्वशक्तीची इंजिने टर्बोचीच होती. भुसावळच्या लोकांनी ती वर्षानुवर्षे गाड्या ओढताना पाहिली आहेत. एवढे मोठे इंजिन खोलून पाहणे परवडत नाही, म्हणून रेल्वेने तेलाला विचारायची रीत धरली. डॉक्टर पोट फाडत नाही, आधी रक्त तपासतो, तशातला हा प्रकार.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तपासणी म्हणजे जादू नव्हे. अगदी बारीक कणच नेहमीच्या यंत्राला दिसतात. एखादा दात तुटला किंवा बेअरिंगचा टवका उडाला तर तो मोठा तुकडा आकड्यात येत नाही. तसेच एका अहवालावरून फारसे सांगता येत नाही. आपल्याच गाडीचे दोन-तीन अहवाल शेजारी ठेवले की चाल कळते. उसाचा ब्रिक्स एकदा पाहून कोणी तोडणीची तारीख ठरवीत नाही, तसेच हे. आणि ज्याची घरची मोटार वर्षाला थोडीच चालते, त्याने दरवेळी तपासणीवर पैसे घालावेत असे आम्ही म्हणणार नाही. त्याने गाडीसोबत आलेली पुस्तिका उघडावी. तीत धुळीच्या व जड वापरासाठी तेलबदलाची मुदत कमी सांगितलेली असते. ते पान सहसा कोणी वाचत नाही. आपण खानदेशातले सारे त्या पानावरचेच गिऱ्हाईक आहोत. तेलाचा जो वर्ग पुस्तिकेत लिहिला आहे तोच घालावा. जाळीवाल्या बीएस-६ मोटारीत साधे ट्रॅक्टरचे तेल घालू नये, त्याच्या राखेने जाळी बुजते. मात्र जुनी टर्बो मोटार विकत घेताना, किंवा तेल एकाएकी वाढू-घटू लागले तर, एक तपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे.

नमुना कसा घ्यावा? मातीचा घेतो तसाच, मन लावून. मातीचा नमुना आपण बांधाजवळ, झाडाखाली किंवा खताच्या ढिगाजवळ घेत नाही. 'व्ही' आकाराचा खड्डा घेऊन, अनेक ठिकाणची माती मिसळून, चार भाग करीत अर्धा किलोवर आणतो. तेलाचा नमुना इंजिन चालून गरम झाल्यावर घ्यावा. नट काढल्यावर पहिली धार जाऊ द्यावी, मधली धार स्वच्छ व कोरड्या बाटलीत धरावी. शेवटचा गाळ घेऊ नये. दारूची, औषधाची किंवा फवारणीची बाटली चुकूनही वापरू नये. बाटलीवर गाडीचा क्रमांक, किलोमीटर किंवा तास, तेल कोणते, ते किती चालले, मधे किती भर घातली, एवढे लिहावेच. चिठ्ठीशिवायचा नमुना म्हणजे गट नंबर नसलेली माती. शक्य असेल तेव्हा नव्या तेलाचाही थोडा नमुना सोबत द्यावा, म्हणजे तुलना होते.

आता मुख्य सूचनेकडे येतो. आमचे संचालक मंडळास व सभासदांस असे सुचवणे आहे की कारखान्याच्या स्वतःच्या वाहनांपासून आरंभ करावा, मग ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर घ्यावेत. हंगामापूर्वी एक नमुना आणि हंगामाच्या मध्यावर एक नमुना पुरे. गट ऑफिसात माती नमुन्यांची पेटी असते, तिच्याच शेजारी तेलाच्या बाटल्यांची पेटी ठेवावी. मोठ्या ग्राहकांसाठी तेल कंपन्यांकडे अशी तपासणीची व्यवस्था असते, खाजगी प्रयोगशाळाही आहेत. एकट्या सभासदाच्या बाटलीला कोणी विचारणार नाही, पण कारखान्याच्या शंभर बाटल्यांना विचारेल. सहकार म्हणतात तो याहून वेगळा काय?

कोणी म्हणेल, वाहतूकदाराचे इंजिन बिघडले तर ते त्याचे नुकसान, कारखान्याने कशाला पडावे? यात थोडा विचार कमी पडतो. ऐन हंगामात ट्रॅक्टर वाटेत बसला तर तोडलेला ऊस फडातच वाळतो. वजन घटते ते शेतकऱ्याचे, उतारा घटतो तो सर्वांचा. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडावा म्हणून आपण सगळे धडपडतो. टोळी रिकामी बसते, मुकादम आपल्यालाच फोन करतो. एका वाहतूकदाराने कर्ज काढून घेतलेला ट्रॅक्टर पंधरा दिवस गॅरेजात पडला की त्याच्या घरात काय होते, हेही आपण पाहिलेले आहे. सैल राहिलेली एक क्लिप वेळीच आवळली असती तर हे सगळे टळले असते, असे पुढे म्हणण्यात अर्थ नाही.

जाता जाता एक विनंती. काढलेले जुने तेल पूर्वी गाडीच्या आखाला, लाकडाच्या वाळवीला लावत. आज ते विहिरीच्या काठाला किंवा बांधावर ओतणे योग्य नाही. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. डब्यात साठवून परवानाधारक संकलकालाच द्यावे. ज्या पाण्यावर आपला ऊस आणि केळी उभी आहे, त्या पाण्यात ते उतरू नये.

आमचे म्हणणे इतकेच. पूर्वी बैलाच्या डोळ्यांत पाहून, शेण पाहून त्याची प्रकृती ओळखणारी माणसे आपल्यात होती. इंजिनाला डोळे नाहीत, पण त्याचे तेल बोलते. ते ऐकण्याची सोय आता आहे. येत्या हंगामाची मोळी पडण्यापूर्वी आपल्या गटातील वाहतूकदारांनी व सभासदांनी गट ऑफिसात येऊन याबाबत आपले मत जरूर कळवावे. शंका असेल तर तीही आणावी. आणि येताना, घाट नसला तरी, इंजिन दीड मिनिट हळू चालवून मगच बंद करावे.